तीनशेची रेघ

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या पाठ्यपुस्तकांत ‘आदर्श दात्या’ची एक यादी हमखास सापडते. वय ५५च्या आत. छातीचा एक्स-रे स्वच्छ. शंभर टक्के प्राणवायूवर ठेवल्यावर धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर. सिगारेट वीस ‘पॅक-वर्षां’च्या आत, म्हणजे रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षांपेक्षा कमी. छातीला मार नाही, आधी छातीची शस्त्रक्रिया नाही, उलटी श्वासनलिकेत गेलेली नाही, दुर्बिणीतून पाहताना पू नाही, बेडक्याच्या तपासणीत जंतू नाहीत. यादी इतकी नेटकी आहे की हजारो दात्यांच्या नोंदी पडताळून ती काढली असावी, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तिची जडणघडण १९८०च्या दशकातली आहे. मूठभर शस्त्रक्रिया जमेस असताना शल्यचिकित्सकांनी ती अनुभवाच्या अंदाजाने आणि बऱ्याच अंशी धास्तीने ठरवली. ती धास्ती त्या वेळी रास्तच होती. पण धास्तीने मारलेली रेघ पुढच्या पिढीने शास्त्राची म्हणून वाचली आणि तिच्या पलीकडची पुष्कळशी बरी फुप्फुसे दात्यांबरोबर जाळली-पुरली गेली. ती रेघ पुसट व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागली. नवी उपकरणे आली हे त्याचे एक कारण आहे, पण मोठे कारण असे की डॉक्टरांनी स्वतःला विचारायचा प्रश्नच बदलला.

सुरुवातीला तर पारख हा विषयच नव्हता. ११ जून १९६३ रोजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन येथे, विद्यापीठाच्या रुग्णालयात, जेम्स हार्डी यांनी माणसावरचे पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले. रुग्ण जन्मठेप भोगणारा कैदी होता. त्याच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग होता आणि मूत्रपिंडेही आधीपासून दुबळी होती. दाता हृदयविकाराच्या झटक्याने त्याच रुग्णालयात दगावलेला माणूस. मृत्यूनंतर त्याचे डावे फुप्फुस काढून कैद्याला बसवले. (त्याच रात्री नागरी हक्क चळवळीतले मेडगर एव्हर्स गोळी लागलेल्या अवस्थेत याच रुग्णालयात आणले गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. जॅक्सनच्या इतिहासात ती रात्र एव्हर्स यांच्या नावावर आहे, आणि तेच योग्य.) कैदी १८ दिवस जगला आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. बसवलेले फुप्फुस तोवर चालत होते. दात्याच्या फुप्फुसाची प्रत काय होती, हे तपासायला त्या दिवशी ना वेळ होता ना पद्धत. पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत जगभर चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले. त्यांत घेंटच्या फ्रिट्झ डेरोम यांचा १९६८ सालचा रुग्ण दहा महिने जगला. बाकीचे बहुतेक दिवसांत नाहीतर आठवड्यांत गेले. कुणाचा श्वासनलिकेचा सांधा सुटला, कुणाच्या शरीराने परका अवयव नाकारला, कुणाला जंतुसंसर्गाने गाठले. इतक्या वाटांनी मरण येत असताना मूळ फुप्फुस बरे होते की वाईट, हे वेगळे काढून सांगणे कुणालाच शक्य नव्हते.

मग दोन गोष्टी घडल्या. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले, आणि हळूहळू हृदय धडधडत असलेला, व्हेंटिलेटरवरचा दाता हाच दाता मानला जाऊ लागला. थांबलेल्या हृदयाचा, म्हणजे हार्डी यांचा दाता मागे पडला. दुसरी गोष्ट सायक्लोस्पोरीन या औषधाची. त्याच्या आधाराने १९८१ मध्ये स्टॅनफर्डला ब्रूस रीट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी हृदय आणि फुप्फुसे एकत्र बसवली आणि रुग्ण पाच वर्षे जगली. टोरांटोत जोएल कूपर यांचा १९७८ सालचा रुग्ण श्वासनलिकेचा सांधा सुटून गेला होता. सांधा न जुळण्यामागे स्टेरॉइडचे जास्त डोस आहेत, हे त्यांच्या गटाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, आणि १९८३ मध्ये एका फुप्फुसाचे, १९८६ मध्ये दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपण तिथे यशस्वी झाले. यादी जन्मली ती याच काळात. आधीच्या वीस वर्षांत तोंड इतके पोळले होते की ताक फुंकून पिण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणखी एखादा रुग्ण पहिल्याच आठवड्यात गेला असता तर रुग्णालयाने कार्यक्रमच गुंडाळला असता. अशा वेळी शल्यचिकित्सक शंकेला जागा राहील असे काहीही हातात घेणार नाही. तरुण दाता, स्वच्छ एक्स-रे, भरपूर प्राणवायू: प्रत्येक निकषाचा अर्थ एवढाच होता की अपयश आलेच तर बोट दात्याच्या फुप्फुसाकडे जाऊ नये.

या पारखीचे प्रत्यक्ष रूप पाहिले की तिच्यातली ताकद आणि कमजोरी दोन्ही कळतात. दात्याच्या रुग्णालयातून फोन येतो तेव्हा पहिले आकडे तोंडी कळतात: वय, रक्तगट, सिगारेट, एक्स-रे, आणि ‘एबीजी’, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी. व्हेंटिलेटरवर प्राणवायू शंभर टक्के करून, श्वास सोडल्यावरही फुप्फुसात पाण्याच्या पाच सेंटिमीटरइतका दाब राहील असे ठेवून, थोड्या वेळाने रक्त घेतात. निरोगी फुप्फुस या स्थितीत पाचशेच्या आसपास किंवा वर जाते. तीनशेच्या खाली आले तर कुठेतरी रक्त हवेला न भेटताच पुढे जाते आहे, असा अर्थ. मग पथक येते, दुर्बीण श्वासनलिकांत घालते, चिकट स्राव खेचून काढते. तो पुन्हा पुन्हा भरून येतो का, हे पाहिले जाते. छाती उघडल्यावर शल्यचिकित्सक फुप्फुस हातात घेतो. मिटलेले भाग फुगवतो, बोटांनी दाबत गाठी शोधतो, पाणी भरल्याचा जडपणा जोखतो. मग क्षणभर व्हेंटिलेटरची नळी सोडवतात: चांगले फुप्फुस झटकन आकसते, सुजलेले किंवा हवा अडकलेले तसेच फुगून राहते. पाहिजे तर चारही फुप्फुसशिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन कुठला भाग बरा आणि कुठला वाईट, हेही ठरवतात. या सगळ्यात हाताची परीक्षा सर्वांत जुनी, सर्वांत कमी मोजता येणारी, आणि अनुभवी माणसाच्या बाबतीत बहुधा सर्वांत भरवशाची. पण पुष्कळ फुप्फुसे तिच्यापर्यंत पोचतच नसत. फोनवर २६० हा आकडा ऐकूनच नकार जाई.

आणि तो आकडा मुळात चंचल आहे. मेंदूमृत माणूस पाठीवर निपचित असतो. फुप्फुसांचे मागचे भाग मिटतात, स्राव साचतो, रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेले सलाइन फुप्फुसांत झिरपते; मेंदू मरताना शरीरात उसळणाऱ्या संप्रेरकांच्या लाटेनेही तिथे पाणी भरते. यातले बरेचसे काही तासांत सुधारू शकते. सकाळचा २६० संध्याकाळी ४०० होतो. म्हणजे तीनशेची रेघ अवयवाइतकीच त्या दिवशीच्या शुश्रूषेचीही परीक्षा घेत होती, आणि नापास झाला की शिक्का मात्र अवयवावर बसे. मूत्रपिंडे आणि यकृत ज्यांचे वापरले जाई अशा दात्यांपैकी फार तर पाचांतल्या एकाचीच फुप्फुसे वापरली जात. इकडे प्रतीक्षायादीवरची माणसे मरत होती.

रेघेवर पहिला नेमका घाव घातला तो तिच्याच घरातल्यांनी. कूपर टोरांटोहून सेंट लुईला गेले होते. त्यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले की यादीतला एखाद-दुसरा निकष न पाळणाऱ्या दात्यांची फुप्फुसे घेऊनही रुग्णांचे निकाल आदर्श दात्यांइतकेच लागले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या तज्ज्ञांनी निकषांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक निकषांमागे फारसा पुरावा नसल्याचे त्यांनीच लिहिले. पुढे अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक प्रत्यारोपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दात्याचा प्राणवायू-दाब दोनशेच्या खाली, दोनशे ते तीनशे, की तीनशेच्या वर, यावरून घेणाऱ्या रुग्णाच्या आयुष्यात फरक दिसला नाही.

यावर एक आक्षेप तयारच असतो, आणि तो हलका नाही. कमी आकड्यांची जी फुप्फुसे वापरली गेली ती कुणीतरी अनुभवी डोळ्यांनी निवडलेली होती. हाताला खरोखर वाईट लागलेली आधीच बाजूला पडली. शिवाय अशी फुप्फुसे त्यातल्या त्यात धडधाकट रुग्णांना दिली गेली असणार. मग निकाल बरोबरीचे लागले यात नवल काय? जुन्या नोंदी चाळून केलेल्या कुठल्याही अभ्यासाला हा आक्षेप लागू पडतो आणि सेंट लुईच्या निष्कर्षालाही तो चिकटतोच. म्हणून मला दुसऱ्या दोन प्रकारचा पुरावा जास्त वजनदार वाटतो. पहिला, कॅलिफोर्नियातल्या लोरेन वेअर आणि मायकेल मॅथे यांच्या गटाचा, २००२ सालचा. त्यांनी वापरलेली फुप्फुसे सोडून नाकारलेली तपासली. अशा २९ जोड्या प्रयोगशाळेत आणून त्यांत पाणी किती साचले आहे, ते बाहेर टाकण्याची पेशींची ताकद शाबूत आहे का, सूक्ष्मदर्शकाखाली रचना कशी दिसते, हे पाहिले. २९ पैकी १२ जोड्या, म्हणजे ४१ टक्के, प्रत्यारोपणाला चालण्यासारख्या निघाल्या. इथे निवडीचा आक्षेप उभा राहत नाही, कारण ही फुप्फुसे अनुभवी डोळ्यांनी नाकारलेलीच होती.

दुसरा पुरावा चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचा आहे, आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लुचाना माशा आणि सहकाऱ्यांनी इटली आणि स्पेनमधल्या बारा अतिदक्षता विभागांतल्या ११८ संभाव्य दात्यांचे दोन गट पाडले. एका गटाला व्हेंटिलेटर नेहमीच्या पद्धतीने: दर श्वासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दहा ते बारा मिलिलिटर हवा. दुसऱ्याला सहा ते आठ मिलिलिटर, पण श्वासाअखेरचा दाब जास्त. आणि श्वास थांबवून करायच्या मेंदूमृत्यूच्या चाचणीतही फुप्फुस मिटू दिले नाही. सहा तासांनंतर नेहमीच्या गटातले ५४ टक्के दाते फुप्फुसदानाच्या निकषांत बसले, दुसऱ्या गटातले ९५ टक्के. प्रत्यक्षात फुप्फुसे काढली गेली ती अनुक्रमे २७ आणि ५४ टक्के दात्यांची. दाते सारखेच, आजार सारखेच, यादीही तीच. बदलली ती यंत्राची काही बटणे. त्याआधी, २००६ साली, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गटानेही दात्याची निगा सुधारून फुप्फुसे वापरण्याचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांवरून साडेपंचवीसवर नेल्याचे दाखवले होते. या सहा तासांचा आपल्याशीही थेट संबंध आहे. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीपासून लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, आणि त्यातल्या नियमानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मेंदूमृत्यूच्या चाचण्या दोनदा करते, मधे किमान सहा तासांचे अंतर ठेवून. कायद्याच्या दृष्टीने तो खात्री करून घेण्याचा वेळ आहे. फुप्फुसाच्या दृष्टीने बिघडण्याचा किंवा सावरण्याचा वेळ तोच.

सिगारेटच्या निकषाची गोष्ट वेगळी आहे. इथे जुनी धास्ती खरी निघाली. ब्रिटनमधल्या १९९९ ते २०१० या काळातल्या १,२९५ प्रत्यारोपणांचा अभ्यास रॉबर्ट बॉन्सर यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५१० रुग्णांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, धूम्रपान केलेल्या दात्याचे फुप्फुस मिळाले होते, आणि पहिल्या तीन वर्षांत मृत्यूचा धोका त्यांना सुमारे दीडपट होता. इथे थांबलो तर यादीचा विजय झाला असे म्हणावे लागेल. पण त्याच गटाने दुसरी तुलना केली: धूम्रपान करणाऱ्याचे फुप्फुस घेतलेला रुग्ण आणि ते न घेता प्रतीक्षायादीवर थांबलेला रुग्ण. यादीत नाव नोंदल्यापासून मोजले तर घेणाऱ्याचा मृत्यूचा धोका सुमारे एक पंचमांशाने कमी निघाला. आकडे त्याच नोंदींतले आणि दोन्ही खरे. पहिल्या तुलनेत फुप्फुसाची गाठ दुसऱ्या, अधिक चांगल्या फुप्फुसाशी घातली आहे. दुसरीत ती समोरच्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याशी घातली आहे. १९८५ साली पहिली तुलना करणे स्वाभाविक होते, कारण तेव्हा प्रत्यारोपण हाच प्रयोग होता. उपचार म्हणून ते रुळल्यावरही तीच तुलना करत राहणे ही चूक होती, आणि प्रश्न बदलला म्हणतो तो हा.

कुणी म्हणेल, ही हिशेबाची हातचलाखी झाली. गिऱ्हाइकाला दुय्यम माल द्यायचा आणि वर सांगायचे की तुला काहीच मिळाले नसते त्यापेक्षा हे बरे. यातला नैतिक भाग मी मान्य करतो: रुग्णाला ते आधी सांगायला हवे, आणि नोंदणीच्या वेळीच, मध्यरात्री शस्त्रक्रियेच्या दारात नव्हे. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांत अशी प्रकरणे गाजली तेव्हा संतापाचे कारण पुष्कळदा न सांगणे हेच होते. पण सांगून झाल्यावरही निवड उरतेच, आणि ती सर्वांची सारखी नसते. फुप्फुसे कडक होत चाललेल्या आणि जेमतेम काही महिने हाताशी असलेल्या रुग्णासाठी थांबणे महाग पडते. वर्षभर स्थिर राहिलेल्याला ते परवडते. प्रत पाहायची ती ज्याच्यात बसवायची त्याच्याकडे बघून. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये वय, सिगारेट, एक्स-रे, स्राव आणि प्राणवायू यांना गुण देऊन दात्याची बेरीज मांडली, ती उपयोगाची आहे. पण तिच्यात घेणाऱ्याचा रकाना नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पारखीचे ठिकाणही याच काळात सरकले. अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची कल्पना जुनीच. १९३५ मध्ये अलेक्सिस कॅरेल आणि विमानोड्डाणाने प्रसिद्ध झालेले चार्ल्स लिंडबर्ग यांनी काचेचा पंप बनवून त्यात प्राण्यांचे अवयव काही दिवस टिकवले होते. फुप्फुसाच्या पारखीसाठी ती कामी आली स्वीडनमधल्या लुंड येथे. स्टिग स्टीन यांनी २००० साली हृदय बंद पडून दगावलेल्या दात्याचे फुप्फुस बाहेर काढले, एका मंडलात त्यातून द्रव फिरवून आणि हवा देऊन तपासले, आणि मगच रुग्णाला बसवले. हार्डी यांचा दाता ३७ वर्षांनी परत आला, फरक एवढाच की आता त्याची परीक्षा घेता येत होती. नॉर्थ कॅरोलिनात थॉमस ईगन यांनी १९९०च्या सुमारास कुत्र्यांवर दाखवले होते की रक्ताभिसरण थांबल्यावरही फुप्फुसाच्या पेशी काही काळ तगतात, कारण त्यांना हवेतूनच प्राणवायू मिळू शकतो. टोरांटोत शाफ केशवजी आणि मार्सेलो सिपेल यांनी शरीराबाहेर यंत्रावर फुप्फुस तपासण्याची ही पद्धत घडवली आणि २०११ मध्ये निकाल मांडले. २३ जोखमीची फुप्फुसे यंत्रावर चार तास ठेवली. २० बसवली गेली. शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांनी फुप्फुस गंभीरपणे बिघडलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात १५ टक्के, नेहमीच्या प्रत्यारोपणांत ३० टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण वाईट समजलेली फुप्फुसे चांगल्यांपेक्षा मागे पडली नाहीत, एवढे तर दिसले.

यंत्राने सगळे सुटले असे मात्र मानू नये. टोरांटोच्याच संशोधकांना आढळले की यंत्रावर प्राणवायूचा आकडा फसवतो. तिथे फिरणाऱ्या द्रवात तांबड्या पेशी नसतात. माणसाच्या शरीरात हवेला न भेटलेले रक्त भेटलेल्या रक्तात मिसळले की हिमोग्लोबिनमुळे प्राणवायूचा दाब कोसळतो. पेशी नसलेल्या द्रवात तो फक्त थोडासा उतरतो. फुप्फुस सुजत असते आणि आकडा अजून तीनशेच्या वरच असतो. बिघाड आधी कळतो तो फुप्फुसाच्या लवचिकतेत, ते हवेला किती सहज जागा देते त्यात. वीस-पंचवीस वर्षे ज्या आकड्याने इतकी फुप्फुसे नाकारली, तोच नव्या जागी गेल्यावर काही वाईट फुप्फुसे पास करू लागला. पुन्हा महत्त्व आले ते शल्यचिकित्सक नळी सोडवून आकसणे पाहत असे, त्याच गुणाला. आता तो मिलिलिटरमध्ये मोजला जातो. खर्चाचा प्रश्न आहेच: दर वेळी लागणारा द्रव, गाळण्या आणि प्रशिक्षित माणसे पाहता बऱ्याच केंद्रांना आधी व्हेंटिलेटरची बटणे नीट लावणेच परवडेल.

पश्चिमेची यादी इथल्या दात्याला जशीच्या तशी लावण्यात एक अडचण उरते. पॅक-वर्षांच्या गणितात चूल येत नाही. जन्मात सिगारेट न ओढलेली, पण तीस वर्षे बंद खोपटात लाकडा-गोवऱ्यांवर स्वयंपाक केलेली बाई त्या गणितात शून्यावर असते, आणि दुर्बिणीतून तिच्या श्वासनलिकांत काळे डाग दिसू शकतात. बिडीचे मोजमाप सिगारेटच्या पाकिटात कसे बसवायचे, हेही ज्याच्या त्याच्या अंदाजावर. लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाचा चुन्यासारखा कडक ठिपका एक्स-रेवर दिसला की तो ‘अस्वच्छ’ म्हणून नाकारायचा, की घेणाऱ्याला क्षयप्रतिबंधक औषधे देऊन फुप्फुस वापरायचे, याचे उत्तर टोरांटो किंवा सेंट लुईच्या नोंदींत शोधून पुरे मिळणार नाही. त्यासाठी दात्याच्या नातेवाइकांना विचारायच्या प्रश्नांत चूल, बिडी, गिरणी, दगडखाण यांचे रकाने घालावे लागतील, आणि नाकारलेल्या फुप्फुसांची कारणेही वापरलेल्यांच्या निकालांइतक्याच काटेकोरपणे लिहून ठेवावी लागतील.